पाटलाच्या कुत्र्यांचं देवक

आमच्या गावची शिकारी कुत्र्यांची जात पंचक्रोशीत नावाजलेली. पण रामोजी पाटलानं हट्टच धरला, जात चोख ठेवायची, भायेरचं कुत्रं गावात नको. मग भावाला बहीण, बापाला लेक, असंच जुळवत गेले. पिल्लं दिसायला राजबिंडी, पण जरा पळाली की धापा टाकायची. लांडगा डोळ्यादेखत कोकरं उचलून न्यायचा.

म्हाकूबाई धनगरीण वैतागली आन् म्हायेराहून एक काटक कुत्रा घिऊन आली. पाटलानं तो चावडीफुडं बांधून घातला. म्हनला, "आमचं रक्त बाटवायला आलाय. गोळीच घालतो ह्येला!"

माझीबी कोकरं लांडग्यानं नेलेली; माझं डोस्कं सणकलं, मी काठी उचलली. म्हाकूबाईनं मला मागं ढकललं आन् पाटलाला म्हनली, "आबा, कुत्र्याचं ऱ्हाऊ द्या. तुमच्या नातवाला पोरगी बघितलीया. एकदम चोख घराण्यातली."

पाटील खुलला. "कुणाची गं?"

"तुमच्या धाकल्या भावाची नात."

"थोबाड फोडीन!" पाटील ताडकन उठला. "एक रक्त, एक देवक! बहीण लागती ती त्याची! असल्या लग्नाची पोरं तरी धड निपजतील का?"

"न्हाई निपजत," म्हाकूबाई म्हनली. "तुमच्या कुत्र्यांत त्येच बघतोय की आमी."

सगळी चावडी खदाखदा हसली. पाटील गड्यावर खेकसला, "सोड रं त्येला."

"नुसता सोडू नगा, आबा," म्हाकूबाई म्हनली. "गावचा जावई हाय. आदी भाकर घाला."