पिवळ्या बेल्टची घाई

एकदा एका गावात एक वृद्ध गुरू मुलांना जिउ-जित्सू ही कुस्तीसारखी झुंजकला शिकवत असत. नव्या पोराला पहिला महिनाभर ते दोनच गोष्टी करायला लावत: नीट पडायचे, आणि हात अडकला की मोकळा हात मॅटवर दोनदा आपटायचा, म्हणजे आपण हरलो हे समजून समोरचा तत्काळ सोडतो. त्यानंतर बेल्ट. पांढरा, करडा, पिवळा, नारिंगी, हिरवा. निळा मात्र सोळा वर्षांआधी नाही, पोर कितीही अचाट असो. आईबापांना यातले बेल्ट तेवढे पाठ असत.

गुरूंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, तेव्हा वर्ग महिनाभर त्यांच्या शिष्येकडे आला. नेमका त्याच वेळी एका कापड व्यापाऱ्याने तिच्यामागे धोशा लावला.

"आमची शर्वरी आठ वर्षांची झाली. साडूची पोर सातव्या वर्षीच पिवळ्यावर गेली. आमचीनं काय करड्यावरच म्हातारं व्हायचं?"

शर्वरी गुणी होती, पण अजून कच्ची होती. शिष्येला ते कळत होते. तरीही मुलगी हिरमुसून वर्ग सोडेल, या भीतीने तिने पिवळा बेल्ट बांधला आणि वर फोटोही काढून दिला.

आठवड्याच्या आतच सरावात करड्या बेल्टच्या एका मुलीने शर्वरीचा हात धरून ताणला. शर्वरीने ओठ घट्ट मिटले, हात काही आपटला नाही. धरणारीला वाटले, हिला दुखत नसेल. कोपर निखळले.

प्लास्टर उतरल्यावर व्यापारी मुलीला घेऊन वर्गात आला, तोवर गुरूही परतले होते. त्या दिवशी गुरूंनी भलताच प्रकार केला. सगळ्या पालकांसमोर ते मॅटवर आडवे झाले आणि सर्वांत नवख्या मुलीच्या हाती त्यांनी आपला हात दिला. तिने तो धरताच त्यांनी मोकळा हात मॅटवर दोनदा आपटला, मग उठून तिला वाकून नमस्कार केला. मग दुसरीला बोलावले, मग तिसऱ्याला. अकरा मुलांपुढे ते अकरा वेळा हरले. शिष्येला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"सर, हे काय चालवलंय? लोक हसतायत," ती कुजबुजली.

"हसू देत. तू शर्वरीला विचार, तिनं हात का नाही आपटला."

शर्वरी खाली बघत म्हणाली, "ताई, बेल्ट बांधताना तुम्हीच म्हणालात ना, आता तू या सगळ्यांत मोठी. मग करड्यापुढे कशी हरू?"

गुरू शिष्येला म्हणाले, "मुलांचे बेल्ट मुलांपुरतेच असतात. सोळाव्या वर्षी हे रंग उतरवून पोर मोठ्यांच्या रांगेत उभं राहतं. तोवर त्यानं शेकडो वेळा हरावं, न लाजता हरावं, म्हणून ही वर्षं ठेवलीत. तू तिला रंग दिलास आणि हरायची मोकळीक काढून घेतलीस. आज मी हरलो तर लाज तुला वाटली. त्या पोरीला केवढी वाटली असेल?"

शिष्या शर्वरीपुढे गुडघ्यांवर बसली. "चुकलं माझं, बाळा."

"झालं गेलं जाऊ द्या," व्यापारी म्हणाला. "मी दुसऱ्या क्लासात बोलून ठेवलंय. तिथं दिवाळीपर्यंत नारिंगी देतो म्हणालेत."

तो मुलीला घेऊन निघाला. दारातून शर्वरीने हात हलवला. कोपर अजून पुरते सरळ होत नव्हते. शिष्येला आता सगळे उमगले होते, पण जिच्यासाठी ते उमगायला हवे होते, ती जिना उतरून गेली होती.