अंतरपाटावरची वटवाघळं

फार पूर्वी, गलबतं वाऱ्याच्या मर्जीवर चालायची तेव्हा, एका बंदरात एक चितारीण राहत होती. ती फार दचकायची. झाकण पडलं, दचकली. मांजर आडवं गेलं, दचकली. कुणी मागून नुसतं "काय गं?" म्हटलं तरी हातातलं भांडं खाली. गाव तिला 'दचकी चितारीण' म्हणायचं आणि ते तिला ठाऊक होतं. पण एकदा कुंचला हातात आला की तोच हात असा स्थिरावायचा, की शेजारी तोफ उडाली तरी रेघ वाकडी जायची नाही.

चित्र काढायला तिला तिच्या आजीनं शिकवलं होतं. ही आजी, म्हणजे आईची आई, चीन देशाची. नवी नवरी होऊन चहाच्या पेट्यांबरोबर ती या बंदरात उतरली, तेव्हा इथला एक शब्दही तिला येत नव्हता. चितारीण तिला पोपो म्हणायची. शाई उगाळता उगाळता पोपो सांगायची, "शाईची रेघ म्हणजे तोंडातून गेलेला शब्द, बाळ. मागे घेता येत नाही. आधी मनात काढ, मग कापडावर."

त्यांच्या अंगणात एक वड होता आणि वडावर वटवाघळांची वस्ती. तिन्हीसांजेला ती फडफडत बाहेर पडली की लहानगी चितारीण किंचाळून पोपोच्या कुशीत शिरायची. पोपो मात्र वर बोट दाखवून हसायची. "फू! फू!"

आळीतल्या पोरांना वाटायचं, म्हातारी फुंकर घालतेय. मग कुणाचा गुडघा फुटला, कुणाचं बोट चेमटलं, की पोरं वडाखाली धावायची. पोपोही प्रत्येकाच्या जखमेवर खरोखरच फुंकर घालायची, आणि झाडाकडे बघून म्हणायची, "फू!"

पुढे पोपो वारली. वड राहिला, वटवाघळं राहिली.

एके वर्षी बंदरातल्या मोठ्या शेटजींच्या लेकीचं लग्न ठरलं. स्थळ फार लांबचं, समुद्रापलीकडचं. शेटजींनी चितारणीला बोलावून पांढऱ्या रेशमाचा एक तुकडा हाती दिला. "हा आमच्या मुलीचा अंतरपाट. मधे स्वस्तिकाला जागा ठेव, बाकी तुला शोभेल ते काढ. मात्र जपून. असं रेशीम पुन्हा मिळायचं नाही."

चितारीण घरी आली आणि रेशमासमोर बसून राहिली. परक्या घरी निघालेल्या मुलीला काय द्यावं? मोर, कमळं सगळेच देतात. तिला पोपोच्या पेटीतला ओढणीएवढा कपडा आठवला. त्याच्यावर भरतकामात पाच वटवाघळं होती. पोपोच्या आईनं निरोपाच्या दिवशी तो लेकीच्या छातीशी धरला होता. चितारणीनं शाई उगाळली, मनात चित्र काढलं, आणि मग रेशमाच्या चार कोपऱ्यांत चार आणि वरच्या काठाशी एक, अशी पाच वटवाघळं एका दमात उतरवली.

हळदीच्या दिवशी ती अंतरपाट घेऊन शेटजींच्या घरी गेली. माजघर बायकांनी भरलेलं. नवरीच्या आत्याबाईंनी घडी उलगडली मात्र,

"अगं बाई गं! हे काय गं काढून आणलंस?"

चितारीण इतकी दचकली की शेजारचं हळदीचं ताट उलटलं.

"वटवाघळं! लग्नघरात वटवाघळं! घर ओस पाडायला निघालीस का?"

कुणीतरी मागून पुस्ती जोडली, "वटवाघळाकडे पाहुणा गेला की तोही उलटा लटकतो म्हणे! आता आपली पोरगी सासरी जाऊन लटकणार!" बायका खो खो हसल्या. पाटावर हळद माखून बसलेली नवरी तेवढी हसली नाही.

नवरीची मामी मायाळू होती. चितारणीचा पांढराफटक चेहरा बघून ती पुढे झाली. "आत्याबाई, उगाच काय! पाकोळ्या असतील त्या. हो ना गं?"

आता त्या बंदरात चिमुकल्या वटवाघळाला पाकोळी म्हणत, आणि आभाळात भिरभिरणाऱ्या, दुभंगल्या शेपटीच्या पाखरालाही पाकोळीच म्हणत. शब्द एक, अर्थ दोन. चितारणीला पळायला फट सापडली.

"हो," ती पुटपुटली. "पाकोळ्याच. पाखरं."

"मग शेपट्या कुठायत?" आत्याबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "काढ बघू. इथंच, माझ्यासमोर."

शाई आली. चितारणीनं कुंचला भिजवला आणि पहिल्या वटवाघळावर धरला. आणि जन्मात कधी झालं नव्हतं ते झालं. कुंचला हातात असताना तिचा हात कापायला लागला. शेपटी काढली की वटवाघूळ जाईल. वटवाघूळ गेलं की पोपोचा कपडा जाईल, पोपो आली ते गलबत जाईल, ती हसणारी तिन्हीसांज जाईल. उरतील पाच पाखरं, कुणीही कुणालाही दिलेली. पण खरं सांगितलं तर? सगळं माजघर तिच्याकडे बघत होतं.

टप्पकन एक थेंब पडला. वटवाघळाखाली शेपटीसारखा एक काळा ठिपका उमटला.

चितारणीनं कुंचला खाली ठेवला.

"मी खोटं बोलले," ती म्हणाली. आवाज एवढासा, पण शब्द स्पष्ट. "ही वटवाघळंच आहेत. मी मुद्दाम काढलीत. माझी आजी अशीच लांब निघाली होती, तेव्हा तिच्या आईनं तिला पाच वटवाघळं दिली होती. आजीच्या बोलीत वटवाघळाला फू म्हणतात. आणि सुखालाही फूच म्हणतात. म्हणून."

गलका ऐकून शेटजी दारात येऊन उभे राहिले होते. "तुमच्यात असेल तसं," ते रागानं म्हणाले. "आमच्यात नाही. घेऊन जा ते. दुसरं कापड मिळेल कुठलंतरी."

चितारणीला वाद घालता येत नव्हता. ती गुडघ्यांवर बसून रेशमाची घडी घालू लागली. एवढ्यात हळदीनं माखलेला एक हात तिच्या हातावर पडला. ती दचकली. नवरी होती.

"काय म्हणालीस? फू?"

"हो."

"लहानपणी मी तुमच्या वडाखाली पडले होते गं. तुझ्या आजीनं माझा गुडघा धरला आणि वर बघून म्हणाली, फू. मला वाटलं, फुंकर घालतेय." नवरीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "अजूनही भीती वाटली की मी मनातल्या मनात फू म्हणते. ती मला सुख देत होती, हे मला आज कळतंय."

मग ती वडिलांकडे वळली. "बाबा, उद्या मी कुणालाच ओळखत नाही अशा घरी जाणार. वटवाघळांना अंधारातही वाट सापडते. मला हाच अंतरपाट हवाय."

"अगं पण लोक काय म्हणतील?" आत्याबाई म्हणाल्या.

"विचारतील. मग सांगू."

शेटजींनी वाकून रेशमाचं खाली लोळणारं टोक उचललं आणि लेकीच्या हाती दिलं. म्हणाले, "स्वस्तिक नीट मधोमध येऊ दे म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी मुहूर्तावर तोच अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी वराकडचे एक म्हातारे चष्मा सावरत म्हणाले, "अहो, ही वटवाघळं हो कशाला?"

चितारीण मागच्या रांगेत अंग चोरून उभी होती. ती काही बोलायच्या आत आत्याबाई कडाडल्या, "वटवाघळं काय म्हणता? फू आहे ते, फू! सुख असतं त्याच्यात. तुमच्याकडे नसतं वाटतं?"

अंतरपाट दूर झाला, ताशा वाजला, चितारीण दचकली, आणि मग हसली.

नवरीनं ते रेशीम पेटीत घालून समुद्रापलीकडे नेलं. त्यातल्या एका वटवाघळाला तेवढी अर्धीमुर्धी शेपटी राहून गेली. शाईच ती, पुसली जात नाही.

तात्पर्य: आपल्या मनातलं सुख दुसऱ्याला द्यायचं, तर ते त्याच्या खऱ्या नावानं द्यावं. भीतीपोटी नाव बदललं, तर ते आपलंही राहत नाही आणि घेणाऱ्यालाही पोचत नाही.