तीन चिंचोके आणि चार आळ्या

एकदा काय झालं, डोंगरावर एक तळं होतं. तळ्याकाठी नगर, आणि खाली दरीत एक राक्षस. हुंकार द्यायचा हं, नाहीतर मी थांबेन. तर या राक्षसाला तहान फार. रोज शंभर घागरी पाणी लागायचं, आणि अंग इतकं सुटलेलं, की चढ काही चढवायचा नाही. पाणी मिळालं नाही, की तो लोळायला लागायचा. मग डोंगर हलायचा, घरं पडायची.

म्हणून दर पाडव्याला एक माणूस निवडायचे. त्यानं वर्षभर खाली घागरी वाहायच्या. नगरात आळ्या चार: कुंभारांची, विणकरांची, सुतारांची आणि राजवाड्याची. राजा तीन फोडलेले चिंचोके फेकायचा. फोडला की एक बाजू पांढरी, एक काळी, ठाऊक आहे ना? एकही पांढरी पडली नाही, तर कुंभार. एक पडली, तर विणकर. दोन पडल्या, तर सुतार. तिन्ही पांढऱ्या, तर राजवाडा. राजा म्हणायचा, "चार आळ्या, चार दानं. कुणावर अन्याय नाही." आणि त्याला खरंच तसं वाटायचं, बरं का. वाईट नव्हता तो.

विणकर आळीत केशर नावाची मुलगी होती. तिचे बाबा वर्षभर घागरी वाहून आले, ते मान वाकडी घेऊनच. या वर्षी आळीवर दान पडलं, तर पाळी तिच्या आईची. आणि आईच्या मांडीवर पाच महिन्यांचं बाळ. पाडवा आठ दिवसांवर आला, तशी केशर शाळेत रडायला लागली. "बाई, सारखं आमच्याच आळीवर का हो पडतं?"

शाळेच्या मथुबाईंनी डोळेबिळे पुसले नाहीत. म्हणाल्या, "मला काय माहीत? चिंचोके काढा, फेकून बघू."

मग पोरांनी दहा वेळा फेकले. तर दहात चारदा राजवाडाच! केशर म्हणाली, "हे तर उलटंच झालं."

"दहात काय कळतंय?" बाई म्हणाल्या. "आणखी फेका."

मग दुसऱ्या दिवशी चाळीस पोरं दिवसभर फेकत बसली. एक दान, एक खडा. अंगणात खड्यांच्या चार ओळी. संध्याकाळी बघतात तर काय, कडेच्या दोन ओळी जेमतेम आंब्यापर्यंत, आणि मधल्या दोन पार कुंपणाला टेकलेल्या. विणकर आणि सुतार! पण का, ते कुणालाच सांगता येईना.

मग तिसऱ्या दिवशी बाईंनी पांढऱ्या बाजूंवर ठिपके दिले. एकावर हळदीचा, एकावर कुंकवाचा, एकावर निळीचा. पुन्हा फेकाफेकी. आणि केशर ओरडलीच, "बाई, एकच पांढरी पडते ना, ती कधी हळदीची असते, कधी कुंकवाची, कधी निळीची. आमच्या तीन तऱ्हा! सुतारांच्याही तीन. कुंभारांची एकच. राजवाड्याची एकच."

मग बाई सगळ्यांना घेऊन दरबारात गेल्या. प्रधान हसला. "नशीब काय पोरी मोजणार?" पण राजा म्हणाला, "थांबा." दुपारपर्यंत त्यानं स्वतः चिंचोके फेकले, स्वतः खडे मांडले. ओळी तशाच झाल्या. राजाचं तोंड उतरलं.

केशर म्हणाली, "महाराज, तऱ्हा आठ आहेत. चारी आळ्यांना दोन-दोन द्या."

"बरोबर आहे," राजा म्हणाला, आणि तसा हुकूम काढला.

मग तो जेवायला बसला. बसल्या बसल्या त्याच्या लक्षात आलं, की राजवाड्याच्या तऱ्हा आता एकाच्या दोन झाल्या. आणि वाड्यात राहायला माणसं तीन. राणी, प्रधान आणि तो. प्रधानाचे तर गुडघे दुखायचे. ताट तसंच ठेवून तो उठला. मग हात धुऊन तो तळ्याकाठी गेला, वाकून दरीत बघितलं आणि म्हणाला, "अरे, पाणी तर उतारानं आपलं आपणच जाईल की!"

मग चारी आळ्यांनी मिळून पाच दिवसांत पाट खणला, थेट राक्षसाच्या तोंडापर्यंत. पाडव्याला दान टाकलंच नाही.

केशरचे बाबा वाकड्या मानेनं वाहत्या पाटाकडे बघत बसले. म्हणाले, "एवढंच होतं होय?"

हो रे बाळांनो, एवढंच होतं. मग राक्षस पोटभर प्यायला, आई बाळापाशी राहिली, नगर सुखानं नांदलं. आता पांघरूण ओढा आणि गपगुमान डोळे मिटा बघू.