पहिल्या वर्षीचा मोहोर

“काढलं, की सोडलीस नोकरी?”

“सोडली, दाजी. मी स्वतः सोडली.”

“बरं.”

दाजी कोचरेकर पायरीवर बसून चाकूला धार लावत होते. ते पुन्हा धार लावू लागले.

सर्वेश अंगणात उभाच होता. रात्रीच्या बसने आलेला, पाठीवरची बॅग अजून उतरवली नव्हती. दाजी विचारतील, का सोडलीस, असं त्याने गृहीत धरलं होतं. उत्तर बसमध्ये तीनदा मनात घोळवलं होतं. सुरेख उत्तर होतं.

दाजींनी विचारलंच नाही.

वेंगुर्ल्याच्या या अंगाला आंब्याचं कलम म्हटलं की दाजींचं नाव निघायचं. पन्नास पावसाळे कोवळ्या रोपाच्या खुंटावर जुन्या झाडाची काडी बांधत आलेला माणूस. लोक रोप न्यायला येत आणि जाता जाता आणखी काहीतरी विचारून घेत. मुलीला हे स्थळ द्यावं का. भावाशी पुन्हा बोलणं सुरू करावं का. दाजी कधी उत्तर देत, कधी नुसतं रोप देत.

सर्वेशचं आजोळ त्यांच्या बांधाला लागून. सुट्टीत तो आजीकडे जेवायला तेवढा जायचा; बाकी दिवसभर दाजींकडेच.

दाजी साऱ्या गावाशी मालवणी बोलत. सर्वेशशी मात्र शाळेतल्या पुस्तकासारखी मराठी. लहानपणी तो यावर रुसून बसायचा.

“पाहुण्यांशी असंच बोलायचं असतं,” दाजी म्हणायचे.

दाजींची बायको, काकी, मागून हसायची.

काकी गेल्या श्रावणात गेली. सर्वेश तेव्हा बंगळूरला एका मोठ्या सादरीकरणात अडकला होता. त्याने फोनवरून चार ओळी लिहून पाठवल्या होत्या.

“दाजी, काकी गेली तेव्हा...”

“कामात होतास. कळलं मला.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर सोपं गेलं असतं.

दाजींनी चाकूची धार अंगठ्यावर पाहिली.

“तिथे करायचास काय तू?”

“सल्ला द्यायचो.”

“कुणाला?”

“कारखान्यांना, बँकांना. एकदा एका राज्य सरकारलासुद्धा.”

“ऐकायचे?”

“म्हणजे... अहवाल द्यायचो आम्ही.”

“मीही देतो सल्ला. अहवाल नाही देत. म्हणून ऐकत नसतील.”

सर्वेश हसला नाही. त्याने बॅग खाली ठेवली.

“दाजी, मला ठेवून घ्या. मला कलम बांधायला शिकायचंय. नीट, तुमच्यासारखं. तिथल्या सगळ्यावर पाणी सोडून आलोय.”

दाजींनी बॅगेकडे पाहिलं. बॅगेवर कंपनीचं नाव होतं, बारीक, राखाडी अक्षरांत. ज्याला कळायचं त्याला कळेल असं.

“हात धू,” ते म्हणाले. “मोहोर खुडायचाय.”

हिरव्या जाळीखाली गेल्या पावसाळ्यातली कलमं ओळीने मांडली होती. काळ्या पिशव्या, गुडघ्याएवढी रोपं. बऱ्याच रोपांना मोहोर आला होता. बोटाएवढं खोड नि डोक्यावर भला मोठा तुरा... लहान मुलाने बापाचा फेटा घालावा तसा.

दाजी एकेक तुरा धरून देठापासून मोडत होते. टक्. टक्. सर्वेशने चार-पाच मोडले आणि तो थांबला.

“हे आपणहून फुललंय, दाजी. कशाला मोडायचं?”

“काडी कुठली याची?”

“तुमच्याच विहिरीवरच्या हापूसची असणार.”

“चाळीस वर्षांचं झाड ते. काडी कापली, इथे आणून बांधली. तिला अजून कळलेलं नाही. तिला वाटतं, ती तिथेच आहे.”

“आणि राहू दिलं तर?”

“एखादं फळ धरेल. लोक बघायला येतील. म्हणतील, वा, एवढंसं आहे नि आंबा लागला.” टक्. “पण झाड व्हायचं राहून जाईल.”

तेवढ्यात वरच्या वाडीतली परबीण दोन कलमं न्यायला आली. तिने सर्वेशला खालून वर न्याहाळलं.

“दाजी, ह्यो कोण ओ?”

दाजींनी तोंड उघडण्याआधी सर्वेशनेच सांगितलं. आधी कंपनीचं नाव सांगितलं. मग जगातल्या पहिल्या तिनांत ती धरतात, तेही. मग आपलं नाव.

“मगे हय कसो?”

“सोडली मी. तिथे शिरायला हजारो मुलं धडपडतात, मावशी. मी अकरा महिन्यांत सोडून दिली.”

“अरे द्येवा! आवशीक सांगलंस?”

आईचा विषय निघताच सर्वेशने तो बदलला आणि जाळीकडे हात केला. ही मांडणीच चुकली आहे, तो म्हणाला. तीन टप्प्यांत सगळं नीट लावता येईल. पहिल्या टप्प्यात रोपांचे गट पाडायचे...

परबिणीने दुसऱ्या टप्प्यापर्यंत ऐकून घेतलं.

“दाजी, ह्येका आधी काय तरी खावक घाला,” ती म्हणाली आणि दोन कलमं काखेला मारून निघून गेली.

दाजींनी खाली पडलेला एक तुरा उचलला, झटकला, सर्वेशच्या शर्टाच्या खिशात खोवला आणि पुढच्या रोपाकडे वळले.

सर्वेशला अर्थ लागला नाही. पण विचारावंसंही वाटलं नाही. खाली वाकला की तो वास नाकात जायचा. सकाळभर जात राहिला.

उन्हं जाळीवर आली तेव्हा सगळ्या ओळी उरकल्या होत्या. परत येताना सर्वेशला पायरीच्या कडेला आणखी एक कलम दिसलं. एकटंच, मातीच्या कुंडीत. त्यालाही भरगच्च मोहोर होता.

“हे राहिलं, दाजी.”

“राहू दे.”

“असं कसं? याचीही काडी जुन्याच झाडाची ना? तुम्हीच सांगितलंत मघाशी.” गुरूची चूक सापडल्याचा आनंद त्याला लपवता आला नाही.

“राहू दे म्हटलं ना.”

सर्वेश तोवर कुंडीपाशी उकिडवा बसला होता. तुरा बाजूला करून पाहतो तर सांध्यावर पट्टी तशीच होती.

काडी बांधताना सांध्यावर प्लास्टिकची पट्टी गुंडाळतात. सांधा धरला की ती सोडायची. दिवाळीच्या सुट्टीत ते काम कायम सर्वेशकडे असायचं. एकदा त्याच्याकडून एक पट्टी राहून गेली होती, तर दाजींनी त्याचा कान पिळला होता.

आता दिवाळी होऊन अडीच महिने झाले होते.

पट्टी खोडात रुतली होती. तिच्या वर खोड सुजल्यासारखं फुगलं होतं. आणि पट्टीला गाठ होती... दोन वेढे आणि वर एक छोटासा फास. ती गाठ सर्वेशला अंधारातही ओळखता आली असती. या घरात काप दाजी देत आणि गाठ काकी मारी. पन्नास पावसाळे.

“शेवटची,” दाजी म्हणाले. “ही बांधली नि म्हणाली, जरा पडते.”

सर्वेशने रुतलेल्या पट्टीवरून बोट फिरवलं.

“दाजी, खोड आवळलंय.”

“दिसतं मला.”

“अशाने मरेल ते.”

“तेही ठाऊक आहे.” दाजी पायरीवर बसले. “रोज सकाळी चाकूला धार लावतो.”

सर्वेश हळूच उठला आणि त्यांच्या शेजारी बसला. विहिरीवरच्या हापूसमधून वारा आला. बसमध्ये घोळवलेलं उत्तर त्याने आठवून पाहिलं. ते आता कुणाला सांगण्यासारखं राहिलं नव्हतं.

“मी यायला हवं होतं, दाजी. सादरीकरण दुसऱ्या कुणीही केलं असतं.”

दाजींनी पायरीवरचा चाकू थोडा बाजूला सरकवला.

“आईला मी सांगितलेलं नाही. तिला वाटतंय, मी रजेवर आहे.”

“हं.”

“आणि का सोडली, ते... ते मला नीट माहीतच नाही. लोकांना सांगायला एक कारण तयार केलंय. श्रावणानंतर तिथे मन लागेना, एवढंच खरं.”

पायरीवर एक मुंगळा चाकूच्या पात्यापर्यंत आला, थबकला, वळसा घालून पुढे गेला.

मग दाजींनी चाकू उचलला. पातं स्वतःकडे धरलं आणि मूठ सर्वेशपुढे केली.

“घे.”

सर्वेशने चाकू घेतला. दाजींनी कुंडीकडे पाहिलं, मग त्याच्या खिशातल्या कोमेजलेल्या तुऱ्याकडे. आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ते त्याच्याशी शाळेतली मराठी बोलले नाहीत.

“ती पट्टी तू सोड... तुझो मोहोर मी खुडतंय.”