ठोके थांबल्यावर

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा मांजरं बोलत असत, आणि माणसं मात्र आजच्यासारखीच, सांगायचं ते पोटात ठेवून भलतंच बोलत असत.

एका राज्यात एक तांबट होता. त्यानं घडवलेल्या घागरीला टिचकी मारली की ती देवळातल्या घंटेसारखी वाजायची. राणीच्या न्हाणीघरापासून वेशीवरच्या पाणपोईपर्यंत सगळीकडे त्याचीच भांडी.

जवळच्या वाडीत बकुळा नावाची मुलगी राहायची. तिला एकच वेड, घागर घडवायचं. जत्रेत बाकीच्या मुली बांगड्या बघायच्या, ही भांड्यांना टिचक्या मारत हिंडायची. शेवटी तिच्या आईनं धीर केला आणि गूळ-खोबरं घेऊन तिला तांबटाच्या हाताखाली शिकायला ठेवलं. वाडी म्हणाली, "नशीब काढलं हो पोरीनं!"

नशीब काढलं होतं खरं. पण तांबटानं तिच्या हाती दिली ती त्याच्या स्वतःच्या मापाची हातोडी. चार ठोके घातले की मनगट भरून यायचं. ठोका वाकडा पडायचा आणि पत्र्याला पोचा यायचा. मग तांबट गरजायचा, "पुन्हा!" त्या आवाजानं छपरावरची साळुंकी उडायची आणि बकुळा अंग चोरून पुन्हा ठोकायला लागायची.

"काका, हातोडी जड आहे हो," ती हळूच म्हणायची.

तांबट आपले ठोके न थांबवता मान डोलवायचा. "हां, हां! झकास!"

जड आहे म्हणून सांगितलं तर झकास म्हणतो! बकुळाला वाटलं, हा माणूस दुष्टच असला पाहिजे.

बाजाराच्या दिवशी आई भेटायला यायची. डब्यात तिळाची चटणी आणि डोळ्यांत काळजी. तांबटासमोरच ती विचारायची, "बरं चाललंय ना गं? रमलीस ना? जेवतेस ना नीट?"

बाळांनो, आयांना असे प्रश्न फार छान विचारता येतात, ज्यांचं उत्तर 'हो'च येतं. बकुळा 'हो' म्हणायची. आई हायसं वाटल्यासारखं करायची आणि घरी जाईपर्यंत काळजी करत राहायची. दोघी एकमेकींना जपत होत्या, आणि मनगट सुजतच होतं.

एक दिवस बकुळानं साळुंकीला विचारलं, "मी काय करू गं?"

"उडून जा! त्यात काय?" साळुंकी म्हणाली आणि उडालीच.

मग तिनं तांब्याचे पत्रे वाहून आणणाऱ्या गाढवाला विचारलं.

"सोसायचं," गाढव म्हणालं. "मी नाही का सोसत? पाठीला सवय होते."

पाखरानं पाखराचा सल्ला दिला, गाढवानं गाढवाचा. बकुळाला पंखही नव्हते आणि तसली पाठही नव्हती. घागर सोडायची म्हटलं तर रडू येत होतं, धरायची म्हटलं तर हात दुखत होता. ती तशीच परसात बसून राहिली.

"ए रडूबाई," चुलीजवळून आवाज आला. तांबटाची मांजर मिशा पुसत बसली होती. "काकांना सांगितलंस का?"

"कितीदा तरी! ते नुसती मान हलवतात."

"कधी सांगितलंस? ठोके चालू असताना?"

"ठोके तर सारखेच चालू असतात."

मांजरीनं इकडेतिकडे बघितलं. "हे बघ, हे सांगण्यात माझा तोटा आहे. मी रोज त्यांच्या पाठीमागे दूध पिते. आज झाकण खाली पडलं, गडगडत त्यांच्या पायापर्यंत गेलं. त्यांनी वळून तरी बघितलं का?"

बकुळाचे डोळे मोठे झाले. "म्हणजे काकांना ऐकू..."

"जन्मभर तांबं ठोकलंय बाई त्यांनी. ज्याला ऐकू येत नाही, तो ओरडूनच बोलतो. ठोके थांबले की सांग. आणि एकटी जाऊ नकोस, एकटीचा आवाज घशातच राहतो. आपलं माणूस घेऊन जा."

"तू चल ना!"

"मी? आणि दुधाचा जाब कोण देणार?"

पुढच्या बाजाराला आई आली. नेहमीसारखं विचारलं, "बरं चाललंय ना गं?"

"नाही," बकुळा म्हणाली.

आईच्या हातातला डबा कलंडता कलंडता राहिला. तिच्या मनात काय काय येऊन गेलं! राज्यातला एवढा मोठा कारागीर, त्याला कसं बोलायचं? वाडी काय म्हणेल? आपणच घाई केली की काय? आपलं काही चुकलं की काय? मग तिनं लेकीचं मनगट बघितलं, काकांच्या कानांचं तिच्याकडून ऐकलं, आणि सगळे प्रश्न बाजूला ठेवून ती उंबऱ्यावर फतकल मारून बसली.

"ठोके थांबेपर्यंत बसते मी इथं. आज संध्याकाळ झाली तरी चालेल."

ठोके थांबले. तांबटानं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. आईनं बकुळाला पुढे केलं आणि स्वतः तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"काका!" बकुळा असं ओरडली की परसातलं गाढवही कान टवकारून उभं राहिलं. "हातोडी जड आहे! माझा हात सुजलाय! आणि तुम्ही ओरडता त्याची मला भीती वाटते!"

तांबटानं तांब्या खाली ठेवला. "मी ओरडतो?" तो ओरडला. आई दचकली, ते त्यानं पाहिलं. मग त्यानं पोरीचं मनगट हातात घेतलं आणि खाली बसला.

"मला वाटायचं, पोर किती समाधानी. कधी काही मागत नाही." त्यानं आपले कान चाचपले. "गेले हे, पोरी. कुणाला सांगितलं नाही. घागरीचा नाद ऐकू न येणाऱ्या तांबटाकडे कोण घागर घेईल? आता नाद बोटांनीच चाचपतो. कधी कळतो, कधी नाही."

दुष्ट वाटलेला माणूस तो हा! बकुळाला त्याचीच दया आली. तिनं शेजारच्या घागरीला टिचकी मारली आणि मोठ्यानं म्हणाली, "काका, ही बसक्या आवाजाची आहे. तळाशी दोन ठोके हवेत."

तांबटानं तळाशी ठोके घातले. बकुळानं पुन्हा टिचकी मारली, आणि घागर घंटेसारखी वाजली. तिच्या हसऱ्या तोंडावरूनच त्याला ते कळलं.

त्यानं फडताळातून एक हातोडी काढली, छोटीशी, दांडा झिजलेली. "माझी आहे. तुझ्याएवढा होतो तेव्हाची."

त्यानंतर तांबट तिचे हात घडवत गेला आणि ती त्याचे कान झाली. त्या दुकानातून बसक्या आवाजाची घागर पुन्हा कधी बाहेर पडली नाही.

मांजरीचं तेवढं नुकसान झालं. झाकण वाजलं की बकुळा आता काकांना खूण करायची. पण रोज सकाळी चुलीजवळ वाटीभर दूध मात्र ती आठवणीनं ठेवायची.

आणि आई? ती बाजाराच्या दिवशी आता निराळंच विचारते, "आज सगळ्यात नकोसं काय वाटलं गं?"

"तुझी ही चौकशी," बकुळा म्हणते, आणि चटणीचा डबा उघडते.

तात्पर्य: मनातल्या मनात सांगितलेलं दुःख मनालाच ऐकू येतं, म्हणून आपलं माणूस सोबत घ्यावं आणि समोरच्याला ऐकू येईपर्यंत सांगावं.