काळ्या रंगाखाली

संगणकांना पाण्याने थंड ठेवायची पद्धत नवी होती, तेव्हाची गोष्ट. तपासणीच्या टेबलावर पाण्यातली उष्णता बाहेर टाकणारा, काळा रंग दिलेला एक रेडिएटर धास्तावून बसला होता. तो होता ॲल्युमिनियमचा, पण सगळ्यांना 'मी तांब्याचा' म्हणून सांगत होता.

रंगाखालचा धातू तपासणारी कानस जवळ येताच तो म्हणाला, "मावशी, रंग खरवडू नकोस. संगणकातल्या तांब्याच्या ठोकळ्यासोबत, तांबेदादांसोबत, माझी जागा ठरलीय."

"म्हणूनच खरवडतेय, बाळा. तुम्ही दोघं एकाच पाण्यात राहिलात, तर तांब्याला काही होणार नाही. तूच झिजशील, भोकं पडतील तुला."

"मग मी जाऊ कुठे?"

"ॲल्युमिनियमवाल्यांकडे. तिथे वर्षानुवर्षं टिकशील."

रेडिएटरने आपला कोपरा पुढे केला.

"इथे खरवड. सगळ्यांना दिसेल असं."