बिर्जीबायच्या फुगलेल्या ओस्त्या

फार वर्षं झाली या गोष्टीला. किती, ते विचारू नका, कारण सांगणारा प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो आणि मग भांडणं होतात. तर त्या काळी आगरमाळ गावात कैतान नावाच्या बागायतदाराच्या घरी मुलगी जन्मली. बाप्तिस्म्याच्या वेळी तिचं नाव ब्रिजिदा ठेवलं, पण घरी परत येईपर्यंत गावाने तिची बिर्जी करून टाकली. इतर मुलं जन्मल्यावर रडतात, ही बोलली, असं म्हणतात. खरंखोटं देव जाणे, पण त्यानंतर ती कधी गप्प बसल्याचं कोणी पाहिलं नाही. ती केळीच्या झाडांशी बोलायची, रहाटाच्या रेड्याशी बोलायची, आणि कोणीच सापडलं नाही तर तव्यावरच्या भाकरीशी.

आणि या मुलीला व्हायचं होतं धर्मभगिनी. देवाने आपल्याला बोलावलं आहे, असं तिने बाराव्या वर्षी घरात सांगितलं. आईला हसू आवरेना, कारण खाडीकाठच्या त्या मठात दिवसभर मौन असायचं. कैतान म्हणाला, देवाने हाक मारली असेल, पण घर चुकला असेल. बिर्जी मात्र हटली नाही. सहा वर्षं तिने बापाच्या मागे भुणभुण लावली, तेव्हा अठराव्या वर्षी तो तिला मठाच्या दारात सोडून आला आणि घरी येऊन खूप रडला. घर एकदम शांत झालं होतं ना.

मठाची प्रमुख होती मदर आंजेलिना. अंगाने काटकुळी, स्वभावाने कडक, पण कोणावर अन्याय करणार नाही अशी. दोन वर्षं उमेदवारी करायची, मग मठाच्या सणाला डोक्यावर पांढरं वस्त्र मिळायचं, नाहीतर घरचा रस्ता. बिर्जीला जगात दुसरं काही नको होतं. त्या वस्त्रासाठी ती जिभेखाली चिंचोका ठेवून हिंडायची, म्हणजे तोंड बंद राहील. पण सकाळी कोंबड्या दिसल्या की चिंचोका थुंकून त्यांची विचारपूस व्हायचीच. मदर ते सगळं बघून ठेवायची.

दोन वर्षं अशी सरली आणि सण उद्यावर आला. नेमकी ओस्त्या करणारी सिस्टर रुफिना पाठ धरून झोपली. ओस्ती म्हणजे मिस्सेला, चर्चमधल्या मुख्य उपासनेला, लागणारी पातळ, पांढरी, न फुगवलेली गोल भाकर. मदरने ते काम बिर्जीवर सोपवलं. गव्हाचं पीठ, पाणी आणि भाजायचा लोखंडी साचा तिच्यापुढे ठेवला आणि दुसरं काही लागत नाही, एवढं सांगून ती प्रार्थनेला निघून गेली.

बिर्जी त्या पिठाकडे बघत बसली. आगरमाळात घरी पाहुणा यायचा असला की पिठात ताडी घालतात, पीठ फुगू देतात आणि त्याचे गोल फुगे तळतात. नुसत्या पाण्यात भिजवलेलं पीठ पाहुण्यापुढे ठेवणं म्हणजे त्याला दारातून परत पाठवणं. आणि इथे तर साक्षात प्रभू यायचा होता. मदर बिचारी गडबडीत ताडी विसरली असणार, असं बिर्जीला वाटलं. तिने कुंपणापलीकडच्या ताडीवाल्याला हाक मारली आणि लोटाभर ताडी मागून घेतली.

सकाळी पिठाने झाकण उचललं होतं. परातीतून उतरून ते चुलीपर्यंत चालत गेलं होतं, असं म्हणतात. साचा काही मिटेना. मग बिर्जीने कढई चढवली आणि मोठ्या प्रेमाने सगळे फुगे तळले. मिस्सेआधी पाद्रीबाबांनी तबकावरचा रुमाल उचलला, तर खाली टम्म फुगलेल्या, सोनेरी, तेलात न्हालेल्या ओस्त्या. पाद्रीबाबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांचे खांदे बराच वेळ हलत होते. जुन्या ओस्त्या शिल्लक होत्या म्हणून मिस्सा पार पडली. मदर मात्र हसली नाही.

"बिर्जी, तू वाईट नाहीस," मदर म्हणाली. "पण तुझं बोलावणं इथलं नाही. तुझी ही टोपली घे आणि घरी जा."

बिर्जी पहिल्यांदा गप्प झाली. डोक्यावर वस्त्राऐवजी फुग्यांची टोपली घेऊन ती मठाबाहेर पडली आणि वाटभर रडली. कोणत्या तोंडाने बापासमोर जावं, तिला कळेना. चालत चालत ती धक्क्यावर आली. तिथे होडीवाला सांगत होता की पलीकडच्या मीठवाडीत सगळी घरं तापाने आडवी झाली आहेत, चूल पेटवायलाही कोणी उभं नाही, आणि साथीच्या भीतीने तिकडे कोणी फिरकत नाही. मीठवाडी आगऱ्यांची, मीठ पिकवणाऱ्यांची. बिर्जीने डोळे पुसले आणि टोपलीसकट होडीत जाऊन बसली. होडीवाला अर्ध्या वाटेत थांबला आणि पुढे येईना. तेव्हा ती गुडघाभर चिखलातून चालत गेली.

दारोदार जाऊन तिने फुगे वाटले. टोपली लहान आणि वाडी मोठी, पण हात घातला की हाताला फुगा लागायचा, आणि तोही गरम, असं म्हणतात. पोटात काही गेल्यावर माणसं डोळे उघडू लागली, आणि डोळे उघडले की समोर बिर्जी बोलत असायची. रेड्याच्या गोष्टी, कोंबड्यांच्या गोष्टी, मदरच्या परातीतून पळालेल्या पिठाची गोष्ट. वाडीतली सगळ्यांत म्हातारी धाकूआय मंगळवारी मरायचं ठरवून बसली होती, पण मंगळवारी बिर्जीची गोष्ट अर्धवट राहिली, म्हणून तिने बुधवार धरला. बुधवारीही ती संपली नाही. असे चाळीस दिवस गेले. त्या साथीत मीठवाडीचं एकही माणूस दगावलं नाही, असं म्हणतात.

ही बातमी खाडी ओलांडून मठात पोचली. मदर आंजेलिना दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी घडी केलेलं पांढरं वस्त्र घेऊन ती होडीत बसली आणि मीठवाडीसमोर आली. बिर्जी काठावर आजाऱ्यांचे कपडे धूत होती.

"माझं चुकलं," मदर म्हणाली. "चल, बिर्जी. मठात वेदीपुढे तुला हे वस्त्र देते."

बिर्जी त्या वस्त्राकडे बघत राहिली. तिला ते हवं होतं, अजूनही तितकंच हवं होतं, आणि म्हणूनच तिला रडू फुटलं.

"मदर, अजून तिघांचा ताप उतरलेला नाही. मला येता येणार नाही."

मदर होडीत उभीच राहिली. वस्त्र वेदीपुढे द्यायचं आणि मदरनेच द्यायचं, हा मठाचा नियम. तेवढ्यात धाकूआय काठीचा आधार घेत पाण्यात उतरली, होडीपाशी आली आणि तिने हात पुढे केला. मदरने नियम आठवला, आणि मग वस्त्र त्या हातावर ठेवलं. म्हातारीने ते नेऊन बिर्जीच्या डोक्यावर घातलं, तेही उलटं, शिवण वर करून. मग मदरकडे वळून ती म्हणाली,

"नाव तुमचा लावा. पन पोर आमची हाय."

"कबूल," मदर म्हणाली.

बिर्जीबाय पुढे मीठवाडीतच राहिली, मठाचं नाव लावून, आणि म्हातारी होईपर्यंत बोलत राहिली. रोमच्या यादीत तिचं नाव नाही, पण त्या पट्ट्यात तिला संत म्हणायला कोणी रोमला विचारत नाही.

आता खाडीवर पूल झाला आहे. पण आसपासच्या गावातल्या एखाद्या मुलीची उमेदवारी संपून वस्त्र घ्यायची वेळ आली की ती मीठवाडीच्या काठावर येऊन थांबते. मठाची मदर पुलावरून येत नाही, होडीनेच येते आणि होडीतच उभी राहते. मीठवाडीतली सर्वांत वयस्क बाई पाण्यात उतरते, वस्त्र घेते आणि मुलीच्या डोक्यावर शिवण वर करून घालते. ती बाई चर्चला जात नाही, तिला लातिन येत नाही, मराठी प्रार्थनाही येत नाही. ती फक्त म्हणते, "नाव तुमचा लावा. पन पोर आमची हाय." मदरने सगळ्यांना ऐकू जाईल असं कबूल म्हणायचं असतं. ती म्हणेपर्यंत म्हातारी मुलीचा हात सोडत नाही.